बारदाना वजा

अंजनगाव सुर्जीच्या बाजार समितीत भगवंतराव चौतीस वर्षं मापारी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन बघायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामानं माणूस घडतो म्हणा की बिघडतो म्हणा, भगवंतरावांना जगातली प्रत्येक वस्तू आधी किलोत दिसायची. लग्नात लोक नवरीचं रूप पाहत, यांच्या मनात आकडा येई आणि मग ते स्वतःच ओशाळत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी भाजीवाल्यानं कोबी हातात दिला की ते म्हणत, "साडेआठशे." भाजीवाला तो काट्यावर टाकी. आठशे साठ भरे.

"दहा ग्राम पानी मारलं तू," भगवंतराव म्हणत आणि कोबी पिशवीत टाकत.

अशा माणसाच्या घरी पहिली नात आली ती एक किलो तीनशे ऐंशी ग्रामची.

आकांक्षा ही त्यांची एकुलती लेक, अकोल्याला जठारपेठेत दिलेली. जावई नितेशरावांचं तिथं झेरॉक्सचं दुकान. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून तिला घरी आणली. आणून पंधरा दिवस होत नाहीत तोच एका सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. फोन केला, गाडी आली आणि तडक अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. तिथं पोर झाली आणि झाल्याबरोबर काचेच्या पेटीत गेली. चोवीस दिवस आकांक्षा दर दोन तासांनी दूध काढून देई आणि काचेबाहेर उभी राही. मुलीचा हात तिच्या करंगळीएवढा. त्या हाताला सुई टोचलेली पाहून ती रडतही नसे, नुसती उभी राही. सुटी मिळाली त्या दिवशी गाडीत बसताना ती एकच वाक्य बोलली.

"बाबा, आता परत त्या पेटीत नाई."

"नाई, नाई," भगवंतराव म्हणाले. म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं मात्र नाही. हमी देण्याची त्यांना सवय नव्हती. काट्यावर जे दिसेल ते सांगायचं, एवढंच त्यांना येत होतं.

दवाखान्यातल्या सिस्टरनं निघण्याआधी आकांक्षाला आणि तिच्या आईला, मैनाबाईंना, सगळं शिकवलं होतं. पोरीला नुसतं लंगोट, टोपी आणि मोजे घालायचे, आईच्या उघड्या छातीवर उभी धरायची आणि वरून फडक्यानं बांधून घ्यायची. दिवसातून जितके जास्त तास जमेल तितके. आईच्या अंगाची ऊब हीच आता तिची पेटी. दर दोन तासांनी दूध, ओढता आलं नाही तर वाटी-चमच्यानं. आंघोळ नाही, तेल-मालीश नाही आणि बघायला येणाऱ्यांची गर्दी तर अजिबात नाही. भगवंतराव दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि हे सगळं बसच्या तिकिटामागं लिहून घेत होते. 'आईला थकवा आल्यास घरातील कोणीही' असं शेवटचं वाक्य त्यांनी लिहिलं आणि घडी करून खिशात टाकलं. ते आपल्याला लागू पडेल असं काही त्यांच्या मनात आलं नाही.

घरी आली तेव्हा पोर सतराशे ग्रामची होती. दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. पंचफुलाताई त्यांचं नाव. गल्लीतल्या प्रत्येक पोटुशी बाईची तारीख त्यांना तोंडपाठ. पिशवीतून त्यांनी टांगायचा काटा काढला, त्याला कापडाची झोळी लावली, आकडा शून्यावर आणला आणि पोरीला आत ठेवलं. पौषाची थंडी होती, म्हणून टोपी आणि हातापायांचे मोजे त्यांनी तसेच राहू दिले.

"मोजे-टोपीचं वजन धरून राहिल्या का तुमी?" भगवंतरावांनी दारातून विचारलं.

"नाई काकाजी. ते मी पयलेच येगळं तोललं. चाळीस ग्राम. त्यातून काढून टाकते."

भगवंतरावांचा चेहरा उजळला. "म्हनजे बारदाना वजा करता."

"काय करता?"

"पोत्यात कापूस आला तर पोत्याचं वजन थोडीच शेतकऱ्याच्या नावावर लावतेत? रिकामं पोतं येगळं तोलाचं आन् वजा कराचं. बारदाना वजा जाऊन जे उरलं तो खरा माल."

"अवो, नात हाय थे तुमची," मैनाबाई आतून म्हणाल्या. "माल काय म्हनता तिले!"

पंचफुलाताई मात्र खूष झाल्या. त्यांच्या कामाची इतकी बारीक कदर आजवर कोणी केली नव्हती.

पहिला आठवडा सुरेख गेला. आकांक्षा पलंगावर उशांना टेकून बसे, पोरगी तिच्या उरावर बेडकासारखी चिकटलेली. आठ-आठ, दहा-दहा तास. त्या खोलीत भगवंतराव जात नसत. बाहेरच्या खोलीत बसून ते दर दोन तासांनी फक्त हाक मारत, "आकांक्षा, दूध!" मैनाबाई म्हणत, "डेअरीवाला आला वाटते." आठवड्यानं पंचफुलाताईंनी तोललं तर अठराशे पन्नास. दीडशे ग्राम वाढ! आकांक्षा कितीतरी दिवसांनी हसली.

आणि मग पाहुणे आले.

आधी बाळापूरहून भगवंतरावांची थोरली बहीण आली, पार्बताबाई. त्यांना नको म्हणण्याची घरात कोणाची छाती नव्हती. पार्बताबाई दारातूनच बोलत आत आल्या. "भाचीची पोट्टी पाहाले मनाई? कोन डॉक्टर हाय थो? त्याले म्हना, मी सात लेकरं वाढोली." त्यांनी चांदीचे वाळे आणले होते, चांगले ठसठशीत. पाठोपाठ अकोल्याहून आकांक्षाच्या सासूबाई आल्या. त्यांनी चांदीच्या मनगट्या आणि घुंगरांचा करदोडा आणला. सासूबाईंच्या हातचं आणि आत्याच्या हातचं. एक घालायचं आणि दुसरं ठेवायचं कसं? सगळंच घातलं. मैनाबाईंना दृष्टीची भीती. एवढीशी पोर आणि एवढी चांदी, येणारीजाणारी बघत राहील, म्हणून त्यांनी वाळे मोज्यांच्या आत ढकलले, मनगट्यांवरून हातमोजे ओढले आणि करदोडा लंगोटाखाली दडवला. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसू नये हीच त्यांची इच्छा होती आणि ती पुरेपूर फळाला आली.

पाहुण्यांसमोर उघड्या छातीवर पोर घेऊन कशी बसणार? आकांक्षा ब्लाऊजची बटणं लावून बसू लागली. पोर दुपट्यात गुंडाळून या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली. उरावर घेणं दहा तासांवरून तिनावर आलं, मग एकावर. बाहेरच्या खोलीतून "दूध!" अशी हाक यायची तीही बंद झाली, कारण बाहेरच्या खोलीत आता सासूबाई असत. त्यांच्यासमोर असं ओरडणं भगवंतरावांना बरं दिसेना.

दुसऱ्या आठवड्याच्या तोलाला ते घरात नव्हते. पाहुण्यांसाठी केळी आणायला गेले होते. परत आले तर घरात आनंदीआनंद.

"एकोनीसशे साठ!" मैनाबाईंनी दारातच सांगितलं. "एकशे दहा वाढली."

"गेल्या येळेपेक्षा कमी हाय," पंचफुलाताई कागदावर लिहीत म्हणाल्या, "पन वाढून राहिली. चालते."

"चालते म्हंजे? धावते!" पार्बताबाई म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी बारसं करून टाका. मी आता बारसं करूनच जाईन."

मैनाबाईंनी पोर भगवंतरावांच्या हातात दिली. "घ्या, तुमच्या हातानं पाहा. तुमाले तर काटाच लागत नाई."

त्यांनी दोन्ही हातांवर घेतलं. एक हात मानेखाली, एक हात पायांखाली. आणि ते जरा थबकले.

बाजारात कधीकधी एखादं पोतं असं यायचं की उचलतानाच हमाल हसायचे. वर कोरडी तूर, तळाशी ओली. वजन बरोबर असायचं, पण वजनाची जागा चुकलेली असायची. भगवंतरावांच्या डाव्या हातावरचं डोकं नुसतं पीस होतं. सगळा भार उजव्या हातावर, पायांकडे.

"काहो, काय झालं?"

"काई नाई," ते म्हणाले आणि पोर परत दिली.

दिवसभर ते अस्वस्थ होते. आधी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या नातीला उचललं आणि ओली तूर आठवली, हा काय माणूस झाला? मग वाटलं, हात म्हातारा झाला असेल. चार वर्षं पोतं उचललेलं नाही. कोबी ओळखणं वेगळं आणि लेकरू ओळखणं वेगळं. लेकरं पायांकडून भरत असतीलही, आपल्याला काय माहीत. पंचफुलाताई शिकलेली बाई, तिनं काट्यावर पाहिलंय. त्यापुढं आपला हात म्हणजे काय? शिवाय घर आनंदात आहे. आकांक्षा चोवीस दिवसांनंतर पोटभर जेवायला लागली आहे. तिला जाऊन काय सांगायचं, की तुझ्या पोरीचे पाय जड लागतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका मागच्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या. पोर पलंगावर झोपली होती. भगवंतराव पायांचा आवाज न करता आत गेले आणि त्यांनी तिच्या डाव्या पायाचा मोजा हळूच खाली ओढला.

आत वाळा होता. त्यांनी दुसरा मोजा ओढला, मग हातमोजे. लंगोटाच्या वरच्या काठाला बोट लावलं तर घुंगरू वाजलं. त्या आवाजासरशी मैनाबाई दारात हजर.

"काय करून राहिले तुमी? थंडी वाजते तिले!"

"हे सारं घालूनच तोललं का काल?"

"मंग? काढते का कोनी? बारशापर्यंत अंगावरचं काढाचं नसते."

"पंचफुलाताईले सांगतलं?"

"तिले कायले सांगाचं? दिसू नाई म्हनून तर आत घातलं." एवढं बोलून मैनाबाई थांबल्या. त्या अडाणी नव्हत्या. मापाऱ्याच्या घरात चौतीस वर्षं काढलेली बाई. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"कितीचं असन हो?" त्यांनी हळूच विचारलं.

भगवंतरावांनी वाळे काढून तळहातावर घेतले, मनगट्या घेतल्या, करदोडा सोडवून वर ठेवला. हात जरा खालीवर केला. "एकशे वीसच्या आतबाहेर."

वाढ झाली होती एकशे दहा.

"बाबा, काय झालं?" आकांक्षा मागं येऊन उभी होती.

भगवंतरावांच्या मनात आलं, सांगू नये. चांदी गुपचूप उतरवावी, पंचफुलाताईंना बाजूला घेऊन बोलावं, पोरीला वाढायला आणखी आठ दिवस द्यावेत. लेकीला का घाबरवायचं? पण त्यांच्या तळहातावर ती चांदी होती आणि आकांक्षा तिच्याकडेच बघत होती.

"बाई, पोट्टी वाढली नाई," ते म्हणाले. "चांदी वाढली."

तासाभरात पंचफुलाताई काटा घेऊन आल्या. या वेळी पोरीच्या अंगावर टोपी आणि मोजे सोडून काही नव्हतं. चाळीस वजा जाऊन अठराशे बेचाळीस. झोळीत नुसती चांदी ठेवली, एकशे अठरा. म्हणजे आठवडाभरात पोर वाढली तर नव्हतीच, वर आठ ग्राम उतरली होती.

"माझीच चूक," पंचफुलाताई म्हणाल्या. "मोजा काढून पाहाले पाह्यजे होता. उद्यापासून सगळ्यांचे काढते. थंडी राहो नाई तं काई राहो."

"चूक कोनाची थे बारशाले ठरवू," पार्बताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र पहिल्यांदाच खाली आला होता.

आकांक्षा रडली नाही. तिनं पोरीला उचललं, शाल पांघरली आणि म्हणाली, "दवाखान्यात चला."

गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोर नीट तपासली. ताप नाही, छाती साफ, रंग चांगला. "ऊब कमी पडली आणि दूध कमी पडलं," त्या म्हणाल्या. "अंगाची ऊब टिकवण्यातच बाळाची ताकद गेली, मग वाढणार कशानं? चार दिवस देते. दिवसाला वीस ग्राम तरी चढली पाहिजे. मधे सुस्त वाटली, दूध सोडलं, तर तेवढंही थांबायचं नाही. आणि चार दिवसांत ऐंशी ग्राम नाही झाली तर अमरावती."

अमरावती म्हणजे पेटी. आकांक्षानं मान हलवली. तिनं शाल पोरीभोवती घट्ट ओढून घेतली, ते भगवंतरावांनी पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बहिणीसमोर आणि विहीणबाईंसमोर उभं राहून ते बोलले. "चार दिवस घर बंद. रागावू नका. जाचं त्यानं जावं, राहाचं त्यानं स्वयंपाक सांभाळावा. पोरीच्या खोलीत फक्त उरावर घेनारा मानूस जाईन."

विहीणबाईंनी दुपारची एसटी धरली आणि जाता जाता म्हणाल्या, "मी नितेशले पाठोते. दुकान काय पळून जाते?" पार्बताबाई राहिल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

आकांक्षा सकाळपासून धरे. दुपारी मैनाबाई घेत. पण मैनाबाईंची पाठ दुखणारी, तासाभरात त्या वाकत. आकांक्षा एकटीनं सगळं ओढायला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बसल्या बसल्या झापड आली. पोर एका बाजूला कलंडली. मैनाबाईंनी धावून सावरली आणि बाहेर येऊन नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या.

"शर्ट काढा."

"काय?"

"शर्ट काढा म्हनते. सिस्टर म्हनली होती, घरातलं कोनीबी. तुमीच तं लिहून आनलं."

भगवंतराव बनियनशिवाय लेकीपुढं कधी आले नव्हते. अंगणात आंघोळ करायचे तेही धोतराचा आडोसा करून. ते म्हणाले, छातीवर केस आहेत, पोरीला टोचतील. मैनाबाई म्हणाल्या, तिचं तिला ठरवू द्या. ते म्हणाले, आपल्याला खोकला येतो. मैनाबाई म्हणाल्या, चौतीस वर्षांत एकदा आला. शेवटी त्यांनी साबणानं अंग धुतलं, पलंगावर टेकून बसले आणि डोळे मिटून घेतले. मैनाबाईंनी पोर त्यांच्या छातीवर ठेवली आणि वरून फडकं बांधलं.

पोरीनं जरा चुळबुळ केली, गाल फिरवला, आणि त्यांच्या छातीच्या खळग्यात गरम श्वास सोडला. भगवंतरावांनी डोळे उघडले. तिचं काळीज त्यांच्या कातडीला लागत होतं, चिमणीच्या पंखासारखं. वजन किती हे बघायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी नितेशराव अकोल्याहून आले. सासऱ्याला तसं बसलेलं पाहून ते उंबऱ्यातच अडखळले.

"मामाजी, येऊ का?"

"या. पन शर्ट काढून या. पयले आंघोळ करा."

मग एक वेळ अशी आली की सासरा आणि जावई, दोघंही उघड्या अंगानं समोरासमोर. एकाची पाळी संपलेली, दुसऱ्याची सुरू. दोघांनाही बघायला भिंतीशिवाय जागा नव्हती. मैनाबाई चहा घेऊन आल्या आणि पदर तोंडाशी धरून तशाच परत गेल्या. स्वयंपाकघरातून पार्बताबाईंचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

शेजारचे किसनराव फिरायला बोलवायला आले ते खिडकीतूनच ओरडले. "काय मापारी, आता हमाली सुरू केली?"

"हळू बोल," आतून उत्तर आलं. "माल झोपला हाय."

चौथ्या दिवशी सकाळी पंचफुलाताई आल्या. काटा टांगला, झोळी लावली, आकडा शून्यावर आला. पंचफुलाताईंनी मोजे काढून उलटे करून झटकले आणि परत घातले. पार्बताबाईंनी पुढं होऊन पोरीच्या कमरेला आणखी काही नाही ना, हे स्वतः पाहिलं. भगवंतराव काट्याजवळ गेले नाहीत. ते आकांक्षाच्या बाजूला उभे राहिले, कारण तिनं त्यांच्या शर्टाची बाही धरली होती.

पोर झोळीत हलत होती म्हणून आकडा थरथरत होता. एकोणीसशे साठ, एकोणीसशे नव्वद, मग खाली. पंचफुलाताईंनी झोळीला हात न लावता वाट पाहिली. आकडा थांबला. एकोणीसशे बहात्तर.

"चाळीस वजा," पंचफुलाताई म्हणाल्या आणि थांबल्या. हिशोब सगळ्यांनाच आला होता, पण म्हणायला कोणी तयार नव्हतं.

"एकोणीसशे बत्तीस," नितेशराव म्हणाले. "म्हणजे नव्वद!"

"पुन्हा तोला," आकांक्षा म्हणाली.

पुन्हा तोललं. तेवढंच. पंचफुलाताईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दोन मिनिटं "हो मॅडम, हो मॅडम" झालं. मग त्या म्हणाल्या, "अमरावती नाई. असंच चालू ठेवा म्हनते. आठ दिवसांनी दाखवाले आना."

बापाची बाही आकांक्षानं अजून सोडली नव्हती. नितेशरावांनी शर्ट काढला, पोर उरावर घेतली आणि पलंगाच्या एका कडेला टेकून बसले. पार्बताबाईंनी ताट वाढून आणलं. गरम भाकरी, पातळ वरण, वर तुपाची धार.

"खाय बाई. दूध यीन."

तिनं दोन घास खाल्ले. तिसरा घास वरणात बुडवला आणि तो हातातच राहिला. बसल्या जागी तिची मान कलली. मैनाबाईंनी ताट काढून घेतलं, भगवंतरावांनी तिच्या डोक्याखाली उशी सरकवली. सकाळचे दहा वाजले होते आणि ती लहानपणी झोपायची तशी तोंड उघडं टाकून झोपली होती.

"तिचा हात धुवायचा राह्यला," पार्बताबाई कुजबुजल्या.

"राहू दे, आक्का," भगवंतराव म्हणाले आणि दार ओढून घेतलं.